टुणकी माझ्या घशात राहते

सोमवार, ४ मार्च

आजपासून पुन्हा वही. मागची वही लेकीच्या बाळंतपणात अर्धी राहिली, आणि नंतर रोज तेच ते, लिहायचं काय. आज मात्र लिहिण्याजोगं घडलं. कंपनीने माझा आवाज मागितला. मी नकोय त्यांना, नुसता आवाज हवाय.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. पस्तिशीचा माणूस, बोलताना टेबलावरचं पेन सारखं सरळ करत बसतो. म्हणाला, "मॅडम, एकोणीस वर्षं तुम्ही टुणकी बोलताय. सहाशेच्या वर भाग झाले. आता तुम्ही आराम करा. तुमची जुनी रेकॉर्डिंगं ऐकवून आम्ही यंत्राला टुणकी शिकवतो. तुम्हाला फक्त एक सही करायची आहे."

मी म्हटलं, "टुणकी माझ्या घशात राहते. घर रिकामं करायला सांगताय, तर भाडेकरूला आधी विचारायला हवं."

तो हसला नाही. पेन सरळ केलं. विचार करायला मुदत दिली.

घरी येऊन यांना सांगितलं. हे शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, विनोद मात्र अजून वर्गातलेच. म्हणाले, "एकोणीस वर्षं कार्टूनमधल्या खारीचा आवाज काढतेस. खारीचा वाटा तरी माग."

मी सही करणार नाही, हे मला केबिनमध्येच माहीत होतं. सत्तावन्न वर्षांची झाले तरी माझा आवाज अडतिसाव्या वर्षी होता तिथेच उभा आहे. कालच पक्कं झालेलं रेकॉर्डिंग ऐकलं, टुणकी तश्शीच, काचेवर टिचकी मारल्यासारखी. आराम कशाला करू?

गुरुवार, ७ मार्च

आज भाग ६१४. टुणकी झाडावरून पडते आणि आपण मुद्दाम उडी मारली असं सगळ्यांना पटवते. मजा आली. वरच्या पट्टीतलं हसू चार वेळा घ्यावं लागलं. हा नवीन माइक कोरडा आहे, जुन्याची सर त्याला नाही. शिवाय बूथमधला एसी थेट घशावर येतो. दोन्ही गोष्टी कानसेनला सांगितल्या. तो "बघतो" म्हणाला.

कानसेन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. खरं नाव पगारपत्रकावर असेल. गाणाऱ्याला तानसेन म्हणतात, ऐकणाऱ्याला कानसेन, म्हणून हे नाव मीच ठेवलं आणि चिकटलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एकोणीस वर्षं मी काचेच्या आत आणि तो काचेच्या बाहेर. आम्ही एकमेकांना जेवढं ऐकलंय तेवढं आमच्या घरच्यांनीही आम्हाला ऐकलं नसेल.

त्याला मॅनेजरचं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ तो हेडफोनची वायर गुंडाळत राहिला. म्हणाला, "ताई, सही करा असं मी म्हणणार नाही."

"करू नका म्हणा ना मग."

"तेही मी कसं म्हणू?"

वय झालंय त्याचं. कामालाही फार वेळ लावतो हल्ली. पूर्वी मी बाहेर पडायच्या आत सगळं आवरलेलं असायचं. आता मी निघाले तरी हा दोन-दोन तास बसून असतो, म्हणे आवाज साफ करतोय. साफ करायला माझ्या आवाजाला काय माती लागलीय?

मंगळवार, १२ मार्च

पत्र लिहिलं. चांगलं झालंय. मला लिहिता येतं, हे मी विसरलेच होते.

पहिलं वाक्य असं: "एकोणीस वर्षांत माझ्या आवाजाला कुठल्याही यंत्राचा हात लागलेला नाही आणि यापुढेही लागणार नाही." पुढे मागण्या. आमच्या कुणाचाही आवाज विचारल्याशिवाय यंत्राला शिकवू नये. लेखी संमती हवी, दर कामाला वेगळी. दुपारी स्टुडिओच्या जिन्यात सगळ्या आवाजवाल्यांना जमवलं. कोल्होबा आला, मगर आली, दोन्ही कावळे आले. (आम्ही एकमेकांना भूमिकेनेच ओळखतो.) पत्र मी उभं राहून वाचलं, टाळ्या पडल्या. चौदा सह्या झाल्या.

सर्वांत आधी सही केली गर्दीने. ती बाजारातली माणसं, शाळेतली मुलं, लग्नातली वऱ्हाडी मंडळी असे सगळे आवाज एकटीच काढते, म्हणून तिला गर्दी म्हणतात. अंगाने इतकी बारीक, की या नावाला सगळे हसतात. तिशीची आहे. सही करून झाली तरी थोडा वेळ पेन हातात धरून उभी राहिली. मी म्हटलं, "तुला एवढं काय भ्यायचं, तुझ्या आवाजाच्या मागे कोणी लागलेलं नाही." ती "हो ताई" म्हणाली.

कानसेनने सही केली नाही. कागद हातात घेतला, पहिलं वाक्य वाचलं, परत दिला. म्हणाला, "मी आवाजवाला नाही, मी यंत्रवाला." सगळ्यांसमोर. एकोणीस वर्षांची ओळख आणि वेळेला हे. जिना उतरताना मी त्याच्या आधी उतरले.

शुक्रवार, १५ मार्च

गर्दी मंगळवारनंतर आली नाही, आजारी असेल. भागात बाजाराचा प्रसंग होता तरी काम अडलं नाही, बाजाराचा गलबला कानसेनच्या संगणकातून आला. ठीक होता. विचारायला हवं तिला, कशी आहे. विसरले.

आजची खरी गोष्ट वेगळी. पत्र घेऊन मॅनेजरकडे गेले. त्याने ते वाचलंच नाही. म्हणाला, "आधी हे ऐका," आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

टुणकी बोलत होती. मी कधीही न बोललेली वाक्यं. एका मुलीला तिच्या नावाने हाक मारत होती, आज शाळेत काय झालं विचारत होती, गणितात कमी मार्क पडले म्हणून समजूत घालत होती. मग म्हणाली, "बाबांना सांग ना, पुढचं जंगल उघडून दे. मी तिथे तुझी वाट बघतेय. एकटीच आहे मी तिथे."

आवाज माझाच होता. श्वास घ्यायची जागासुद्धा माझी.

"हा फक्त नमुना," तो म्हणाला. "फोनवरचं अॅप. प्रत्येक मुलाशी टुणकी स्वतः बोलेल. पुढचे खेळ विकत घ्यायचे असतात, तेवढं ती सुचवेल."

"नमुना करायला मला विचारलंत?"

"बाहेर कुठे वापरलेला नाही, मॅडम."

टुणकी मुलांना काहीही घ्यायला सांगत नाही. हा माझा नियम आहे, चौदा वर्षांपूर्वीचा. बिस्किटवाले आले होते तेव्हा मी टुणकीच्याच आवाजात नाही म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. पाच वर्षांचं मूल टुणकीचं ऐकतं. आईचं नाही ऐकत, टुणकीचं ऐकतं. त्या मुलाला "एकटीच आहे मी तिथे" म्हणायचं?

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "भावना समजतात. पण मुलांना फरक कळत नाही, मॅडम."

तिथे मी पेटले. म्हटलं, "मुलांना सगळं कळतं. लावा पैज. शाळेत जाऊ. पडद्यामागून एकदा तुमचं यंत्र बोलेल, एकदा मी. खरी टुणकी मुलांनी ओळखायची. त्यांनी यंत्र निवडलं तर मी सहीचा विचार करेन. मला निवडलं तर हा नमुना पुसायचा, माझ्यासमोर."

त्याने पेन सरळ करायचं थांबवलं. "चालेल," म्हणाला.

जिंकल्यासारखीच घरी आले.

सोमवार, १८ मार्च

कानसेनला पैजेचं कळलं. इतका पांढरा पडलेला त्याला कधी पाहिला नव्हता.

"कोणत्या माइकवर?" त्याने विचारलं.

"शाळेच्या. असेल तो."

"मी येतो यंत्रावर बसायला."

"मॅनेजर नको म्हणतो. तिसराच माणूस बसणार, म्हणजे तक्रार नको."

"मग नका जाऊ, ताई."

मी म्हटलं, "तुम्ही पत्रावर सही केली नाहीत, आता सल्ला तरी देऊ नका." फार लागेल असं बोलले का? पण बोलायला लावलं त्यानेच.

रविवार, २४ मार्च

विचित्र दिवस. दुपारी दाराची बेल वाजली आणि दारात कानसेन. एकोणीस वर्षांत तो आमच्या घरी दोनदा आलाय, दोन्ही वेळा बोलावल्यावर. पाणी प्यायला. आमच्या पंख्याचा आवाज येतो म्हणाला, यांच्याशी पंख्याच्या बेअरिंगवर पाऊण तास बोलला. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले तर दोघे गप्प. मग चपला घालताना म्हणाला, "ताई, झाकली मूठ असते एखादी. उघडलीच पाहिजे असं नाही." आणि गेला.

झाकली मूठ कसली? मी कधी काही झाकलंय?

रात्री जेवताना हे म्हणाले, "तुला ती पैज करायलाच हवी का? पत्र दिलंयस, तेवढं पुरे की."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे," हे म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

ही सगळी माणसं मला घाबरलेली बघायला का टपलीत, कळत नाही. मी ठणठणीत आहे. सकाळी सराव केला तेव्हा वरचं हसू तिसऱ्या खेपेला सुरेख लागलं.

गुरुवार, २८ मार्च

शाळेचं सभागृह. साठ मुलं, दुसरीतली आणि तिसरीतली. प्रत्येकाच्या हातात एक लाल पुठ्ठा, एक हिरवा. लाल म्हणजे पहिला आवाज, हिरवा म्हणजे दुसरा. पहिलं यंत्र बोललं, दुसरी मी.

लाल एकावन्न. हिरवे नऊ.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीला बाईंनी विचारलं, का गं, दुसरी का नाही? ती म्हणाली, "दुसरीपण छान आहे. पण ती टुणकीची आजी आहे."

शनिवार, ३० मार्च

काल लिहिलं नाही. आजही लिहू नये असं वाटत होतं.

मॅनेजर वाईट वागला नाही. मला पाणी आणून दिलं. तेच जास्त झोंबलं.

हात दाखवून अवलक्षण. दुसरा शब्द नाही.

आधी वाटलं माइक. मग वाटलं सभागृह घुमत होतं. मग स्वयंपाकघरात उभं राहून टुणकीचं एक वाक्य म्हटलं, हळूच, आणि पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. हेडफोनशिवाय, कौतुकाशिवाय. मुलगी खरं बोलत होती.

मग पक्क्या रेकॉर्डिंगमध्ये कोण बोलतंय? काचेवर टिचकी मारल्यासारखी ती कोण आहे?

मंगळवार, २ एप्रिल

स्टुडिओत गेले. कानसेन एकटाच होता. मी म्हटलं, "६१४ लावा. कच्चं. मी बोलले तसं, तुम्ही हात लावायच्या आधीचं."

त्याने उगाच वेळ काढला नाही. लावलं.

पूर्ण अकरा मिनिटं ऐकलं. वर जाताना घसा फाटतो. हसू खरखरतं. शब्द मात्र नेमके, थांबे नेमके. एक बाई टुणकीला चांगलं ओळखते आणि तिची नक्कल करते, असं वाटत होतं.

"कधीपासून?"

"अडीच वर्षं. आधी एखादं वाक्य असायचं. आता जवळजवळ सगळंच. पट्टी वर चढवतो, खरखर काढतो. एकेक शब्द."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगायचं ठरवून तीन वेळा आलो होतो. तुम्ही बूथमधून बाहेर येता तेव्हा तुमचं तोंड बघितलंय कधी? मला जमलं नाही."

मी फार बोलले. सगळं लिहीत नाही. म्हटलं, "ते यंत्रवाले निदान सही मागतात. तुम्ही तेही केलं नाहीत. माझ्या आवाजात न विचारता हात घातलात. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

मला वाटलं तो म्हणेल, मी मायेने केलं. तो म्हणाला, "फरक नाही. म्हणूनच पत्रावर सही केली नाही. पहिलं वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं मी केलं होतं."

त्यानेच पुढे सांगितलं. कंपनीने यंत्राला शिकवायला जी रेकॉर्डिंगं दिली, त्यातली शेवटच्या अडीच वर्षांची सगळी त्याने दुरुस्त केलेली. मुलांनी निवडलेली टुणकी म्हणजे माझं बोलणं आणि त्याचे हात. त्याला तर सही मागण्याइतकंही कोणी विचारलं नव्हतं.

निघताना मी दारातून विचारलं, "गर्दी बरी आहे का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी आत्ताच परगावाहून आलेय. "ताई, ती आजारी नव्हती. तिचं काम संपलं. सोळा मार्चपर्यंतचे तिचे दिवस ठरले होते, तेही काढून टाकले. बाजार, शाळा, वऱ्हाड, सगळं यंत्रातून येतं आता. पत्रावर सही केली त्याच्या आदल्या दिवशीच तिला कळवलं होतं."

म्हणजे ती पेन धरून उभी होती, तेव्हा तिला माहीत होतं. आणि मी तिला म्हटलं होतं, तुझ्या आवाजाच्या मागे कोणी लागलेलं नाही.

बुधवार, ३ एप्रिल

रात्री झोप चांगली लागली, याचं नवल वाटलं. सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते स्पष्ट होतं.

यांना जुना करार काढायला सांगितला. हे चष्मा कपाळावर, करार नाकाशी, अशा थाटात दोन तास बसले. भूमितीचा सिद्धांत सोडवल्यासारखे म्हणाले, "रेकॉर्ड झालेले भाग दाखवायचा हक्क त्यांचा. त्यापासून नवं बोलणं तयार करायचा हक्क यात कुठेच नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तसं काही असतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणून त्यांना तुझी सही हवीय. ती नसली तर त्यांच्या हातात काही नाही."

"पण मी पैज हरले."

"हरल्यावर काय करेन म्हणाली होतीस?"

"सहीचा विचार करेन."

"मग? झाला का विचार करून?"

"झाला."

"काय ठरलं?"

"नाही."

"शब्द पाळलास," हे म्हणाले, आणि करार घडी करून ठेवला.

दुपारी गर्दीच्या घरी गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारात वाळत घातलेले गणवेश. ती दुसरीकडे फोनवर तक्रारी घ्यायचं काम शोधत होती. मी आधी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, वाक्य दोनदा तुटलं. तिने हसून पाणी दिलं. मग म्हटलं, "टुणकी शिकशील का?"

"नक्कल येते मला तुमची. सगळ्यांनाच येते."

"नक्कल नको. यंत्रही नक्कलच करतंय, आणि तुझ्यापेक्षा चांगली. मी शिकवेन ते शीक. ती खोटं कधी बोलते, घाबरली की कुठला शब्द गिळते, मुलांना काय कधीच सांगत नाही."

ती म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी आजी आहे," म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं, आणि छत कोसळलं नाही.

शनिवार, ६ एप्रिल

आज पुन्हा जिन्यात सगळ्यांना जमवलं. माझ्या पैजेची गोष्ट एव्हाना कावळ्यांनी सर्वदूर पोचवली होतीच. काहींच्या चेहऱ्यावर सांत्वन होतं, मला ते सर्वांत अवघड गेलं.

पत्र नवीन लिहिलं. पहिलं वाक्य काढून टाकलं. त्या जागी हे वाचलं: "गेली अडीच वर्षं माझा आवाज यंत्राने बारीक केला जात होता. मला माहीत नव्हतं. ज्याने केलं तो माझा मित्र आहे, आणि तरीही मला ते फार लागलं. म्हणून आम्ही सांगतो, आधी विचारा."

वाचताना घसा दोनदा बसला. मी पाणी मागितलं नाही. बसला तर बसला, घसा माझाच आहे.

पुढच्या मागण्या त्याच, पण दोन वाढवल्या. गर्दीचे आवाज माणसांनीच काढायचे. आणि आवाज दुरुस्त करणाऱ्याचंही नाव संमतीत हवं, कारण तोही त्या आवाजात असतो. उत्तर येईपर्यंत कोणी रेकॉर्डिंगला तारीख द्यायची नाही.

मगर म्हणाली, "ताई, हे वाचून सगळ्यांना कळेल की तुमचा आवाज..." आणि थांबली.

"गेलाय," मी म्हटलं. "साठ मुलांना कळलंय, आता बाकीच्यांना कळू दे."

कोल्होबाने विचारलं, "त्यांनी आपल्या सगळ्यांनाच यंत्रात घातलं तर?"

"घालतीलही. पण सही मागायला तर यावंच लागेल. तेव्हा प्रत्येकाने एकेकटं केबिनमध्ये जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. मी एकटी गेले आणि पैज लावून आले."

सगळे हसले. मग सह्या. चौदा आधीच्याच. पंधरावी कानसेनची. तो पत्र पूर्ण वाचून, चष्मा पुसून, पुन्हा पहिलं वाक्य वाचून मग खाली वाकला. सही फार वाईट आहे त्याची, शाळकरी मुलासारखी.

मी त्याला माफ केलंय का? अजून नाही. पण त्याच्या बरोबरीने जिना उतरले.

शनिवार, १३ एप्रिल

आठवडाभर कोणी रेकॉर्डिंगला गेलं नाही. आज मॅनेजरने बोलावलं. आम्ही पाच जण गेलो. त्याच्या केबिनमध्ये खुर्च्या दोनच, म्हणून सगळे उभे राहिलो, त्यामुळे त्यालाही उभं राहावं लागलं.

तो म्हणाला, "मॅडम, मुलांनी निवड केली होती. तुम्हीच लावलेली पैज."

मी म्हटलं, "मुलांनी बरोबर निवड केली. आवाज तोच छान होता. मुलांना फक्त एक विचारायचं राहिलं, की ती टुणकी तुमच्याकडे 'एकटीच आहे' म्हणून खेळ विकायला बसणार आहे, ते चालेल का. परत शाळेत जाऊ या का? या वेळी पालकांनाही बोलावू."

त्याने पेन शोधलं. सापडलं नाही, ते मगरीने मुद्दे लिहून घ्यायला उचललं होतं.

दोन तास चाललं. मिळालं ते लिहिते, म्हणजे पुढे डोक्यात गोंधळ नको. विचारल्याशिवाय कोणाचाही आवाज यंत्राला शिकवायचा नाही, हे लेखी. गर्दीचं काम माणसांकडे, एक वर्षापुरतं, मग बघू. टुणकीचे पुढचे तेरा भाग गर्दीच्या आवाजात, शिकवणार मी. नमुना पुसला, माझ्यासमोर. खरोखर पुसला का, हे कानसेनने जातीने बघितलं.

अॅपचं "बघू" म्हणाले. म्हणजे दुसरी एखादी खार शोधतील, जिच्या मागे पंधरा माणसं उभी नसतील. ते मला थांबवता येणार नाही. पण बातमी कानावर आली तर त्या खारीला मी भेटायला जाईन, एवढं नक्की.

सोमवार, २२ एप्रिल

पहिलं रेकॉर्डिंग.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काचेच्या बाहेर बसले. बाहेरून बूथ किती लहान दिसतो. गर्दी आत उभी होती, ओठ कोरडे. आठ दिवस रोज शिकवलंय तिला, आमच्या स्वयंपाकघरात, यांना श्रोता बसवून. यांचं मत, दोघींपैकी कोणीच खार नाही.

पहिलं वाक्य चांगलं गेलं. दुसरं त्याहून. मग हसायची जागा आली आणि ती थांबली. माइकमधून विचारलं, "ताई, हसू तुमच्यासारखं करू का?"

माझा हात आत बोलायच्या बटणावर होता. हो म्हणायचं होतं मला. फार म्हणायचं होतं. ते हसू मी पहिल्या भागाच्या दिवशी, बसची वाट बघताना शोधलं होतं.

बटण दाबलं. म्हटलं, "तुझ्यासारखं कर. चुकलं की मी सांगते."

तिने केलं. माझ्याहून खालचं, नाकातून फुटणारं, खोडी पकडली गेल्यासारखं. टुणकी असं हसेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तरी अकरा वेळा थांबवलं तिला. श्वास चुकला, "झाड" शब्द गिळला, एकदा उगाच गोड झाली. अकराव्या वेळी ती आतून म्हणाली, "यंत्राला एवढं बोलला असतात तर तेही सोडून गेलं असतं." मी म्हटलं, पुढचं वाक्य घे.

संपल्यावर लक्षात आलं, पूर्ण वेळ कानसेनचे दोन्ही हात मांडीवर होते. विचारलं, "बटणं बिघडलीत का?"

"नाही," तो म्हणाला. "लागली नाहीत."

मला ते लागलं. मग बरं वाटलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

उद्या साडेनऊला भाग दुसरा. तिला वरच्या पट्टीत घाबरायचं अजून नीट जमत नाही. ते मला जमत नसलं तरी शिकवता येतं.